पार्श्वभूमीतले गाव

पनवेल आणि आसपासच्या गावांत १९९८ ते २०१० या काळात ज्या घरी लग्न, साखरपुडा किंवा वास्तुशांत झाली, त्यांतल्या पुष्कळ घरांच्या कपाटात किंवा माळ्यावरच्या डब्यात आजही एखादी मिनी-डीव्ही कॅसेट सापडते. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, आत ६.३५ मिलिमीटर रुंदीची फीत आणि त्या फितीवर साठ मिनिटांचे चित्रण. ती चालवायचा कॅमेरा घरात नसतो, असला तर त्याचा चार्जर नसतो, आणि कॅसेटवर लावलेल्या चिठ्ठीवरची शाई पुसट झालेली असते. अशी कॅसेट हातात घेऊन माणूस स्टुडिओत जातो तेव्हा त्याचा प्रश्न एकच असतो : हे पेन ड्राइव्हवर करून मिळेल का? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर ‘हो’ असेच आहे. पण त्या एका ‘हो’त दोन निरनिराळी कामे एकमेकांत मिसळलेली असतात. पहिले काम फितीवर जे आहे ते जसेच्या तसे संगणकात उतरवून घेण्याचे. दुसरे, उतरवलेली ती जड फाइल हलकी करण्याचे, म्हणजे मोबाइलवर, टीव्हीवर चालेल आणि पाठवता येईल इतकी लहान करण्याचे. बाजारात ही दोन्ही कामे एका दमात होतात, आणि पहिल्या कामाची खूण मागे राहत नाही. ही कामे वेगळी ठेवावीत, पहिले काम कधीही गाळू नये आणि दुसऱ्याने पहिल्याची जागा घेऊ नये, एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. ते म्हणणे कुठेही खरे ठरेल. पण पनवेलमध्ये ते ज्या निकडीने खरे आहे, तितके दुसरीकडे क्वचितच असेल.

ही निकड समजण्यासाठी या तालुक्याचा नकाशा पाहावा लागतो. नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. जवळपास १,१६० हेक्टरांच्या या जागेसाठी दहा गावठाणे उठली : चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवली वाडा, उलवे, गणेशपुरी, तरघर आणि कोंबडभुजे. सुमारे ३,००० कुटुंबे वडघर, वहाळ आणि आसपासच्या नव्या वसाहतींत गेली. उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला गेला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. गाव उठले तरी माणसे, देव आणि गावाचे नाव सोबत नेता येते. डोंगर आणि नदी मात्र कुणालाच नेता येत नाही. मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांचा काळ नेमका या उलथापालथीच्या आधीचा. त्या दहा गावांत त्या वर्षांत ज्या हळदी झाल्या, ज्या वराती निघाल्या, गौरी-गणपतीला जी नाचगाणी झाली, त्यांचे शूटिंग करणाऱ्याला डोंगराचे काहीच पडलेले नव्हते. तो नवरा-नवरीकडे पाहत होता. डोंगर, खाडी, खारजमिनीचे बांध, कौलारू घरांची रांग, देवळासमोरचे मैदान हे सगळे त्याच्या चित्रात आपोआप आले, कारण ते तिथे होते. तेव्हा जी पार्श्वभूमी होती तीच आज चित्राचा विषय झाली आहे. नवरा-नवरी आजही आहेत, त्यांना पाहता येते. मागचा डोंगर पाहायचा असेल तर आता ही कॅसेट हाच एक रस्ता उरला आहे.

आता फितीकडे वळू. डीव्ही हे तंत्र १९९५ मध्ये बाजारात आले. आपल्याकडच्या प्रणालीप्रमाणे त्यात सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू. प्रत्येक चित्र फितीवर १,४४,००० बाइट जागा घेते. सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला जवळजवळ १३ जीबी. महत्त्वाची गोष्ट अशी की फितीवर हे सगळे आकड्यांच्या रूपातच लिहिलेले असते. जुन्या व्हीएचएस कॅसेटवर चुंबकीय लहरी होत्या, त्यांची प्रत काढताना दर वेळी थोडी झीज होणारच. डीव्हीचे तसे नाही. फायरवायर नावाच्या केबलीने कॅमेरा संगणकाला जोडला, की कॅमेरा फितीवरचे आकडे वाचतो आणि संगणक तेच आकडे डिस्कवर लिहितो. फीत शाबूत असेल तर कॅमेऱ्याने त्या दिवशी लिहिलेला अंक आणि तुमच्या डिस्कवरचा अंक यांत फरक राहत नाही. आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असा शेरा असतो. पनवेल-उरणच्या माणसाला या शब्दांचे वजन समजावून सांगावे लागत नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये त्याविरुद्धच्या आंदोलनात जासईच्या परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, गेलेल्या जमिनीच्या बदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वर्षानुवर्षे कागद जपावे लागले. कोणता कागद अस्सल, कोणती नक्कल आणि कोणत्या नकलेवर शिक्का आहे, हे इथल्या पिढ्यांना अनुभवाने कळले आहे. फायरवायरने उतरवलेली डीव्ही फाइल ही या अर्थाने अस्सल बरहुकूम असते. पेन ड्राइव्हवर दिलेली छोटी एमपी-फोर फाइल ही त्या कागदाचा कुणीतरी स्वतःच्या शब्दांत लिहून दिलेला सारांश असतो. सारांश उपयोगी असतो, पण सारांशावर सही-शिक्का होत नाही.

सारांश कसा केला जातो, ते थोडे खोलात पाहिले पाहिजे, कारण वादाचा गाभा तिथेच आहे. फाइल हलकी करणाऱ्या पद्धती अनेक आहेत. डीव्हीडीसाठी एमपेग-२ वापरले गेले, २००३ मध्ये एच.२६४ आले, २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१. तपशील वेगळे असले तरी युक्ती एकच आहे. यंत्र चित्राचे लहान-लहान चौकोन पाडते. मागच्या चित्रातला एखादा चौकोन पुढच्या चित्रात थोडा सरकून दिसत असेल तर तो पुन्हा लिहीत नाही, ‘तोच चौकोन, इतका सरकवा’ एवढेच लिहून ठेवते. मग प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील तपासते आणि डोळ्याला चुकल्यासारखे वाटणार नाही असे जे काही असेल ते टाकून देते. कुठे किती टाकायचे, हे आपण ठरवून दिलेल्या आकारावर अवलंबून असते. फाइल जितकी लहान हवी तितके जास्त टाकावे लागते. आता लग्नाच्या शूटिंगचे चित्र डोळ्यांसमोर आणा. कॅमेरा हातात किंवा खांद्यावर असतो, म्हणजे सगळी चौकट सतत हलते. पुढे माणसे नाचत असतात, त्यांच्यावर दिव्याचा झोत असतो. मागे तिन्हीसांजेच्या उजेडात डोंगराची कड, त्यावरची झाडी, कौलांची नक्षी. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असता तर मागचा डोंगर यंत्राने एकदाच लिहिला असता आणि तो स्वस्तात राहिला असता. हलत्या चौकटीत नुसते सरकवून तो नेमका जुळत नाही, म्हणून दर चित्राला बराचसा नव्याने लिहावा लागतो, आणि नाचणाऱ्या माणसांनी आधीच बहुतेक जागा खाल्लेली असते. मग काटछाट होते ती अंधुक, बारीक पोताच्या, कमी उजेडाच्या भागात. पाने एकमेकांत मिसळून हिरवा लेप होतो, कौले सपाट होतात, डोंगराच्या कडेला पायऱ्या पडतात. यंत्राचे यात काही चुकलेले नसते. त्याला सांगितलेले असते की पाहणाऱ्याचे लक्ष पुढच्या माणसांकडे आहे, आणि शूटिंग झाले त्या दिवशी ते खरेच होते. आज पाहणाऱ्याचे लक्ष हलले आहे, आणि ही गोष्ट यंत्राला कुणी सांगितलेली नाही. उद्या ते आणखी कुठे जाईल, हे आपल्यालाही सांगता येणार नाही. म्हणून ‘दिसायला तर सारखेच आहे’ या कसोटीवर मूळ प्रत टाकून देणे धोक्याचे आहे. ती कसोटी आजच्या डोळ्याची असते, आणि फाइल आपण पुढच्या डोळ्यासाठी ठेवत असतो.

आवाजाचे प्रकरण तर याहूनही बोलके आहे. आगरी लग्नात धवलारीण असते. मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी तिच्या धवल्यांवर चालतो, आणि ही गाणी कागदावर फार थोडी उतरली आहेत, बहुतांश एका बाईच्या तोंडून दुसरीच्या कानात गेली आहेत. डीव्ही कॅमेरा चित्र दाबून लिहितो, पण आवाज दाबत नाही. नेहमीच्या मांडणीत सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक सोळा बिटांचा, म्हणजे संगीताच्या सीडीच्या तोडीचा. कॅमेऱ्यावरचा माइक साधा असला आणि शेजारी बेंजो वाजत असला तरी त्या माइकने जे ऐकले ते फितीवर पूर्णपणे आहे. आता हेच लग्न ‘मिक्सिंग’ होऊन घरी येते तेव्हा त्याचे काय झालेले असते, ते आठवावे. हळदीच्या प्रसंगावर सिनेमातले गाणे चढवलेले असते, मूळ आवाज बंद केलेला असतो, चौकटीत फुले फिरत असतात. यात मिक्सिंग करणाऱ्याचा दोष नाही. त्या काळी तेच सुंदर मानले जात होते, आणि घरच्यांनीही तेच मागितले होते. पण धवला कुठे आहे? तो डीव्हीडीत नाही, पेन ड्राइव्हवर नाही. असलाच तर कच्च्या कॅसेटवर आहे. ज्या घराकडे मिक्सिंग झालेली सीडी आणि कच्ची कॅसेट दोन्ही आहेत, त्या घराने ‘सीडीत सगळे आलेच आहे’ असे समजून कॅसेट टाकली, तर ते घर आपल्या आजीचा आवाज टाकत असते.

हालचालीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा, कारण कन्व्हर्ट करताना सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. वर सेकंदाला २५ चित्रे असे म्हटले, ते अर्धेच खरे आहे. डीव्ही कॅमेरा प्रत्येक चित्र दोन खेपांत टिपतो. एका खेपेला एकाआड एक अशा २८८ ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. म्हणजे फितीवर सेकंदाला ५० क्षण आहेत. जुन्या टीव्हीवर हे क्षण एकामागून एक दिसत, म्हणून हालचाल सळसळीत वाटे. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही खेपा एकत्र दिसतात आणि हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात उमटतात. ते दात घालवायचा सोपा उपाय म्हणजे एक खेप फेकून देणे. बहुतेक ठिकाणी हेच होते : पन्नास क्षणांचे पंचवीस होतात, ओळीही अर्ध्या होतात, आणि उरलेल्या ताणून पूर्ण चौकट भरली जाते. या तालुक्यात गावोगावी मातीच्या मैदानावर कबड्डीचे सामने झाले आणि त्यांतल्या काहींचे शूटिंगही झाले. चढाई करणाऱ्याचा पंजा बचावपटूला लागला की नाही, हे ज्या क्षणात ठरते तो क्षण टाकलेल्या पंचवीसात असेल तर तो कायमचा गेला. योग्य रीत अशी की दोन्ही खेपांपासून स्वतंत्र चित्रे घडवायची, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रांची फाइल तयार होते. एफएफएमपेग किंवा हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे, वेळ थोडा जास्त लागतो एवढेच. पण ही रीतही गेल्या वीस वर्षांत सुधारत आली आहे आणि पुढेही सुधारेल. ज्याने मूळ डीव्ही फाइल ठेवली आहे त्याला ती सुधारणा उद्या वापरता येईल. ज्याने पंचवीस क्षणांची एमपी-फोर ठेवली आहे त्याला पुढची सगळी प्रगती निरुपयोगी आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकार घेतात आणि तो वजनदार आहे. डीव्ही ही स्वतःच दाबलेली फाइल आहे, मग तिला अस्सल कसे म्हणायचे? खरे आहे. कॅमेऱ्याच्या आत चित्र साधारण पाचास एक या प्रमाणात दाबले जाते, रंगाचा तपशील तर उजेडाच्या तपशिलाच्या चौथाईच ठेवला जातो. पण अस्सल म्हणजे परिपूर्ण नव्हे. अस्सल म्हणजे ज्याच्या मागे जाता येत नाही ते. कॅमेऱ्याने जे टाकले ते कुठेच नाही, त्यामुळे त्याबद्दल निर्णय घेण्याची संधी कुणालाच मिळत नाही. फितीपासून पुढे जे टाकले जाते ते मात्र आपण टाकतो. याच आक्षेपाच्या पोटातून एक चुकीचा सल्लाही निघतो, तो इथेच खोडून काढतो. काही जण म्हणतात की डीव्ही उलगडून एफएफव्ही१ सारख्या तोटा न होणाऱ्या प्रकारात ठेवावी. अभिलेखागारांसाठी तो प्रकार उत्तम आहे, २०२१ मध्ये त्याचे प्रमाणित लेखनही झाले आहे. पण घरच्या डीव्हीला त्याचा लाभ नाही. फाइल मूळ डीव्हीपेक्षा मोठी होते आणि चित्रात एक कणही वाढत नाही. शिवाय प्रत्येक चित्रासोबत फितीवर लिहिलेली रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ नव्या फाइलीत आपोआप येत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ पुष्कळदा चुकीचे लावलेले असे हे मान्य करूनही, ज्या कॅसेटवरची चिठ्ठी गळून पडली आहे तिच्यासाठी ती आतली तारीख हा एकमेव धागा असतो.

दुसरा आक्षेप जागेचा आणि पैशाचा. तासाला १३ जीबी ऐकून माणूस दचकतो, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते दचकणे रास्त होते. तेव्हाच्या डिस्कांवर चार लग्ने ठेवली की जागा संपत असे, म्हणूनच व्हीसीडी आणि डीव्हीडीचा मार्ग सर्वांनी धरला. व्हीसीडीत ३५२ गुणिले २८८ बिंदू, म्हणजे डीव्हीच्या चार बिंदूंपैकी जेमतेम एक. आज एक टीबीच्या एका साध्या डिस्कवर पंचाहत्तरच्या आसपास कॅसेटी मूळ रूपात मावतात. सामान्य घरात त्या दहा-बाराच असतात, सगळ्या भावकीच्या मिळून पन्नास होतील. दोन डिस्क घेऊन दोन घरांत ठेवल्या तरी तो खर्च एका लग्नाच्या शूटिंगच्या खर्चापुढे किरकोळ आहे. जागेची चणचण हे मूळ प्रत न ठेवण्याचे कारण एके काळी होते, आता ती निव्वळ जुनी सवय आहे.

तिसरा आक्षेप असा की कॅसेट आहेच, मग डीव्ही फाइल कशाला? हव्या त्या वेळी पुन्हा उतरवू. हा सर्वांत घातक भ्रम आहे. मिनी-डीव्हीच्या फितीवरचा धातूचा थर अतिशय पातळ असतो, आणि खाडीकाठच्या पनवेलची हवा पावसाळ्यात त्याला मानवत नाही. फितीला बुरशी धरते, कॅमेऱ्याचे हेड माखते, चित्रात चौकोनी ठिगळे दिसू लागतात. २६ जुलै २००५ च्या पुरात पनवेलमध्ये पाणी घरांत शिरले होते, आणि ओलावा बसलेल्या वस्तूंतून तो नंतर वर्षानुवर्षे काम करत राहतो. शिवाय फीत टिकली तरी तिला वाचणारे यंत्र टिकले पाहिजे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनी-डीव्ही कॅसेटींचे उत्पादन थांबवले. २०२५ मध्येच आलेल्या मॅकओएस २६ मधून ॲपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. नव्या लॅपटॉपांना ती खाच केव्हाच राहिलेली नाही. जुना संगणक, त्यात बसवलेले फायरवायरचे कार्ड, आणि हेड चांगले असलेला कॅमेरा ही जुळणी अजून जमवता येते. लिनक्सवर डीव्हीग्रॅब आणि विंडोजवर विनडीव्ही हे काम मुकाट्याने करतात. पण दर वर्षी ही जुळणी जमवणे कठीण होत जाणार.

याच अडचणीमुळे पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलीचा मार्ग लोकप्रिय झाला आहे. कॅमेऱ्याचा ‘एव्ही आउट’ एका छोट्या यूएसबी उपकरणाला लावायचा, आणि संगणकात थेट छोटी फाइल तयार. काम होते, चित्र दिसते, ग्राहक समाधानी असतो. पण आत काय घडते? फितीवरचे आकडे कॅमेरा लहरींत बदलतो, उपकरण त्या लहरींचे पुन्हा आकडे करते आणि लगेच ते दाबते. आकड्यांचे आकडे घेता येत असताना मध्ये लहरींचा वळसा घेण्याचे कारण काहीच नाही. तारखा जातात, रंग घसरतात, कधी दोन खेपांचा क्रम उलटून चित्र थरथरते. दुसरा काही उपायच नसेल तर हाही मार्ग घ्यावा, काहीच न उरण्यापेक्षा ते बरे. स्टुडिओत मात्र एक प्रश्न जरूर विचारावा : फायरवायरने घेता की एव्हीने? उत्तर देणाऱ्याला प्रश्न कळला, तर कॅसेट योग्य हातात आहे असे समजावे.

हलकी प्रत राहिली आणि अस्सल गेली की काय होते, याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण चंद्रावरच्या पहिल्या पावलाचे आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या कॅमेऱ्याने पाठवलेले चित्र सेकंदाला दहा आणि ३२० ओळींचे होते. घरोघरच्या टीव्हीवर ते दाखवता यावे म्हणून जमिनीवरच्या केंद्रांत ते बदलले गेले, त्यासाठी पडद्यावरच्या मूळ चित्रासमोर दुसरा कॅमेरा लावला होता. बदलताना ते काळवंडले, धूसर झाले. मूळ संकेत वेगळ्या फितींवर नोंदला गेला होता. पुढे शोध घेतल्यावर नासाने २००९ मध्ये निष्कर्ष काढला की त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. फितींची टंचाई होती आणि ‘प्रसारणाची प्रत आहेच’ असे सर्वांना वाटत होते. आपण आज पाहतो ते प्रसारणाच्या प्रतींवरून नंतर सावरलेले चित्र. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या आपल्याकडच्या स्टुडिओंतही हीच रीत होती : मिक्सिंग झाले, डीव्हीडी दिली, कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला. ज्या घरांनी हट्टाने कच्ची कॅसेट मागून घेतली, त्यांच्यापाशी आज जे आहे ते नासापाशी नाही.

आता ताजा आक्षेप, जो सगळ्यांत मोहक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत, जुने धूसर चित्र ती लख्ख करून देतात. मग लहान फाइल ठेवली तर काय बिघडले? इथे ‘सुधारणे’ आणि ‘भर घालणे’ यांतला फरक पाहावा लागतो. चित्रात नसलेला तपशील ही साधने हजारो इतर चित्रे पाहून अंदाजाने रचतात. आजीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या येतात, पण त्या तिच्याच असतील याची हमी नाही. डोंगरावर झाडे उगवतात, पण ती उलव्याच्या डोंगरावरची नसतात. मराठीला हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलून घेणाऱ्यांनी तीन शतके भक्तिभावानेच आपले शब्द, आपल्या ओव्या आत घातल्या. शके १५०६ मध्ये एकनाथांनी जुन्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, आणि पुढे कुणी त्यात भर घालू नये असे बजावून ठेवले. त्यांना ते करता आले, कारण पडताळून पाहायला जुन्या प्रती हाताशी होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेने लख्ख केलेली प्रत जरूर करावी, सणासुदीला मोठ्या पडद्यावर दाखवावी. शेजारी मूळ डीव्ही असेपर्यंत तिच्यापासून धोका नाही. मूळ डीव्ही नसेल, तर वीस वर्षांनी कोणते झाड खरे आणि कोणते रचलेले, हे कोण सांगणार?

हे सारे वाचून कुणाला वाटेल की ही प्रस्तावना फाइल हलकी करण्याच्याच विरोधात आहे. तसे मुळीच नाही, आणि या पुस्तिकेचा मोठा भाग हलकी प्रत उत्तम कशी करावी यावरच आहे. डिस्कवर पडून राहिलेली १३ जीबीची फाइल कुणी पाहत नाही, आणि न पाहिलेले चित्रण जपण्याची इच्छाही हळूहळू विझते. पाहायची प्रत हवीच, ती मोबाइलवर चालली पाहिजे, परदेशी असलेल्या नातवाला पाठवता आली पाहिजे. फक्त ती नीट करावी. एच.२६४ हा प्रकार आज जवळजवळ प्रत्येक उपकरणावर चालतो, तोच निवडावा. आकार आधी ठरवून त्यात चित्र कोंबण्यापेक्षा दर्जा ठरवावा आणि आकार जो येईल तो येऊ द्यावा. तासाला दीड-दोन जीबी झाली तर घाबरू नये. डीव्हीचे बिंदू चौरस नसतात, त्यामुळे ७२० गुणिले ५७६ तसेच दाखवले तर माणसे किरकोळ दिसतात, जुन्या आकाराच्या चौकटीत थोडी आणि रुंद आकाराच्या चौकटीत बरीच. जुन्या आकारासाठी ७६८ गुणिले ५७६ आणि रुंदसाठी १०२४ गुणिले ५७६ धरले की चेहरे जागेवर येतात. चौकट भरण्यासाठी वरून-खालून कापू मात्र नये, डोंगराची कड वरच्याच पट्टीत असते. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल जपण्यासाठी ठेवू नये, कारण तिथे ती पुन्हा एकदा दाबली गेलेली असते.

खराब कॅसेटींबद्दल एक आशेची गोष्ट सांगायला हवी. डीव्हीरेस्क्यू नावाचे मोफत साधन अभिलेखागारांत काम करणाऱ्यांनी याच कामासाठी घडवले आहे. एकच कॅसेट दोन-तीनदा उतरवली तर ठिगळे दर वेळी नेमकी त्याच जागी येत नाहीत. हे साधन सगळ्या खेपा एकमेकींशी ताडून प्रत्येक चित्र जिथे चांगले वाचले गेले तिथून घेते आणि एक धड फाइल बनवते. हे अंदाजाने रचणे नाही, प्रत्येक बिंदू फितीवरचाच असतो. पोथीचे पाठ ताडून पाहण्याचेच हे काम, फक्त आकड्यांवर केलेले. आणि ते करता येते ते मूळ आकडे उतरवले असतील तरच. एव्ही केबलीने घेतलेल्या फाइलींना हा उपाय लागू पडत नाही.

पुढच्या प्रकरणांत कॅमेरा कसा तपासावा, हेड कधी साफ करावे, फाइलींना नावे कशी द्यावीत हे क्रमाने येईल. नावांबद्दल एवढेच आधी सांगतो की नावात वर्ष, गाव आणि प्रसंग असावा, आणि गाव लिहिताना आजच्या वसाहतीचे नव्हे, त्या दिवशी मांडव जिथे पडला होता त्या गावाचे नाव लिहावे. ‘वडघर’ नव्हे, ‘चिंचपाडा’. आणि कॅसेट कुठल्याही कॅमेऱ्यात घालण्याआधी करायचे एक काम आहे. कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी सरकती खिट्टी असते, तिच्या एका बाजूला ‘रेक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सेव्ह’ लिहिलेले असते. नखाने ती ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून लाल बटण दाबले गेले तरी फितीवर नवे काही लिहिले जाणार नाही. मग कॅसेट आत घालावी, शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळावी, आणि तासभर कुणी केबलीला हात लावणार नाही अशा वेळी उतरवायला घ्यावी.